पगार वाढल्याने हातात कमी पडते का?

पगार वाढून प्राप्तिकराच्या वरच्या टप्प्यात गेलो, तर सगळ्याच उत्पन्नावर वरच्या दराने कर बसतो आणि हातात आधीपेक्षा कमी पडते, हा समज कार्यालयांतून वर्षानुवर्षे फिरतो आहे. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी याच भीतीने बढती नाकारली. पगारपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने केलेला हिशेब त्यांनी मला दाखवला होता आणि त्यातली चूक तेव्हा मलाही कळली नाही, याची खंत आजही वाटते.

प्रत्येक टप्प्याचा दर त्या टप्प्यात येणाऱ्या रकमेलाच लागतो. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न १६ लाखांवरून १६ लाख १० हजारांवर गेले, तर २० टक्के दर फक्त वरच्या १० हजारांना लागतो. २,००० रुपये कर आणि त्या करावरचा ४ टक्के उपकर, म्हणजे ८० रुपये, वजा जाता ७,९२० रुपये हातात राहतात.

समजाला एक खरा आधार मात्र आहे. पगारदाराला १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर पडत नाही. ती मर्यादा ओलांडल्यावर कर वाढीव रकमेइतकाच आकारला जातो, पण वर ४ टक्के उपकर असल्याने साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत वाढीतले काहीच उरत नाही, उलट थोडे पदरचे जातात. हा पट्टा अरुंद आहे आणि त्यासाठी बढती सोडणे महागात पडते, कारण ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, शेवटच्या मूळ वेतनावर आणि महागाई भत्त्यावर मोजतात. माझ्या सहकाऱ्यांना तो फटका निवृत्तीच्या वेळी बसला.