सीबीडी तेल ठाण्यात कायदेशीर घ्यायचंय? फॉर्म नाही, पण कागद लागतात

परवा लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीतल्या काकूंनी विचारलं, "अरे, ते सीबीडीचं परमिट सेतूमध्ये मिळतं का रे?" सीबीडी म्हणजे गांजाच्या झाडातला नशा न आणणारा घटक. गुडघ्यांसाठी त्याचं तेल हवंय त्यांना आणि कुणीतरी सांगितलेलं की दोन हजार द्या, लायसन काढून देतो. तर आधी तेच सांगतो, पेशंटसाठी असलं लायसन नसतंच, ना सेतूत ना कलेक्टर ऑफिसात. दारूला एक्साइजचं परमिट असतं म्हणून लोकांना वाटतं यालाही असेल. इथे तुमचा कागद म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी, आणि तिच्याशी जुळणारं बाटलीवरचं लेबल. बस.

हे चालतं कसं, तर १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा आणि चरस म्हणजे राळ, फुलोरा सोबत नसेल तर पानं आणि बिया त्या व्याख्येत बसत नाहीत. त्या पानांच्या अर्कापासून आयुर्वेदिक औषध बनतं, शास्त्रात नाव विजया, आणि कंपनीला आयुषचं लायसन लागतं. पण म्हणून पानं आणून घरीच तेल काढायला बसू नका हं, भांग आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यात येते, तो वेगळाच ताप.

आता कुणी घ्यावं. खरा भक्कम पुरावा आहे तो लहान मुलांच्या काही हट्टी फिट्सवर, ड्रावेट आणि लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोमवर. अमेरिकेत २०१८ मध्ये त्यासाठी शुद्ध सीबीडीचं एपिडायोलेक्स हे औषध मंजूर झालं. झोप, टेन्शन, सांधेदुखी यावर अभ्यास झालेत पण छोटे आणि एकमेकांशी न जुळणारे. कॅन्सर बरा होतो म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा, तशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आणि डोसचा हिशोब एकदा करून बघा. एपिडायोलेक्स किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून १० पर्यंत नेतात, गरज पडली तर अजून वर, म्हणजे २० किलोच्या पोराला १० च्या हिशोबाने रोज २०० मिलिग्रॅम. आपल्याकडची १००० मिलिग्रॅमची ३० एमएलची बाटली घेतली तर एका थेंबात जेमतेम दीड मिलिग्रॅम, आणि या डोसला ती पाच दिवसांत संपेल! त्यामुळे "फिट्सवर चालतं म्हणे" ऐकून चार थेंब सुरू करायचे आणि आधीच्या गोळ्या बंद करायच्या हे चुकूनही करू नका, न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय अजिबात नाही.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, लिव्हरचा त्रास असलेले, यांनी लांबच राहावं. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं), क्लोबाझाम किंवा व्हॅल्प्रोएट (दोन्ही फिट्सची औषधं) चालू असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं, कारण सीबीडीमुळे पहिल्या दोघांचा असर वाढू शकतो आणि व्हॅल्प्रोएटसोबत लिव्हरचे आकडे चढतात. झोप येणं, जुलाब, भूक मरणं हेही होतं.

डॉक्टर बीएएमएस किंवा आयुर्वेदातला एमडी बघा, रजिस्ट्रेशन महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचं असतं, नंबर चिठ्ठीवर छापलेला हवा. कंपन्या फोनवर फुकट कन्सल्टेशन देतात, पण माल विकणाऱ्याचाच डॉक्टर नाही म्हणेल कशाला, म्हणून मी तरी समोर बसून दाखवा म्हणेन. जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो, आणि लिव्हरची रक्ततपासणी, तीच एसजीओटी-एसजीपीटीवाली, ताजी असेल तर बरं. चिठ्ठीवर पेशंटचं नाव, वय, तारीख, औषधाचं नाव, रोज किती आणि किती दिवस एवढं नीट लिहून घ्या, "तेल, गरजेनुसार" असलं मोघम नको. ऑनलाइन मागवताना चिठ्ठी अपलोड करायला लागते, आधारही मागतात, पेशंट लहान असेल तर आईबाबांचा. नाक्यावरच्या साध्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही.

लेबलच्या बाबतीत मी स्वतः फसलोय. आईला झोप लागत नव्हती म्हणून वाशीत एका दुकानातून हिरव्या पानाचं चित्र असलेली बाटली आणली, तीन आठवडे रात्री जिभेखाली थेंब, फरक शून्य. मग चष्मा लावून वाचलं तर हेम्प सीड ऑइल, म्हणजे बियांचं खायचं तेल! २०२१ पासून ते अन्न म्हणून चालतं, पण त्यात सीबीडी नावापुरतंच. शेवटी चटणीत घालून संपवलं आम्ही. तर बघायचं काय, आयुषचा मॅन्युफॅक्चरिंग लायसन नंबर, बॅच, एक्सपायरी, सीबीडी किती मिलिग्रॅम, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची सूचना, जी इंग्रजी आणि हिंदीत असायलाच हवी कारण विजया विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. त्याच बॅचचा लॅब रिपोर्ट मागा, टीएचसी किती ते त्यातच कळतं, आणि नशा आणणारा घटक तोच. फुल स्पेक्ट्रम, म्हणजे झाडातले सगळे घटक असलेला अर्क, असं लिहिलं असेल तर थोडं टीएचसी असणारच.

बाहेरून औषध मागवायला मात्र खरंच फॉर्म आहे, बारा-ए. तो केंद्राच्या औषध खात्याकडे, सोबत डॉक्टरची चिठ्ठी, मंजुरी फॉर्म बारा-बीवर येते आणि मर्यादा साधारण १०० डोसची. पण गांजाच्या झाडाचा अर्क म्हटलं की नार्कोटिक्सचा प्रश्नही येतो, तेव्हा हे पोराच्या न्यूरोलॉजिस्टला सोबत घेऊनच करा, परदेशी साइटवर कार्ड घासून नाही.

बाटली खोटी वाटली तर तक्रार राज्याच्या एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, ठाण्यातलं ऑफिस वागळे इस्टेटला, टोल फ्री १८०० २२२ ३६५. जाताना बाटली, खोका, बिल तिन्ही न्या. काकूंनी खोका लगेच भंगारात दिलेला, मग बॅच नंबर शोधत बसल्या.

प्रवासात पण चिठ्ठी, बिल, खोका एकत्रच ठेवा. आणि दुबई किंवा सिंगापूरला पोरांकडे चाललात तर बाटली घरीच ठेवून जा, तिथे आपली चिठ्ठी कुणी विचारत नाही.