बुळबुळीत वसाहतींचा माग

ई. कोलाय या जीवाणूचा ‘लॉन’ नावाचा एक उत्परिवर्ती वाण आहे. त्याच्या वसाहती ताटलीतल्या आगार या जेलीसारख्या थरावर वाढल्या, की नेहमीसारख्या सुबक ठिपक्यांऐवजी चकाकणारे, बुळबुळीत गोळे दिसतात, आणि ताटली उपडी ठेवली तर ते ओघळून झाकणावर उतरतात. याच वाणावर अतिनील किरण सोडले, तर पेशी दुभंगायच्या थांबतात, दोऱ्यासारख्या लांबत जातात आणि मरतात. एका जनुकातल्या बिघाडाने ही दोन असंबद्ध लक्षणे कशी उद्भवतात, हा प्रश्न जीवाणूंवर संशोधन करणाऱ्या सुसान गॉट्समन यांनी अनेक वर्षे धरून ठेवला.

१९४५ साली जन्मलेल्या गॉट्समन यांनी हार्वर्डमध्ये जॉन बेकविथ यांच्याकडे डॉक्टरेट केली आणि १९७६ पासून बेथेस्डा येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत संशोधन केले. कर्करोगाच्या संस्थेत आतड्यातल्या जीवाणूचे काय काम, असे वाटू शकते; पण पेशीने दुभंगायचे कधी आणि थांबायचे कधी, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

लॉन हे मुळात प्रथिने कापणारे विकर (एन्झाइम) आहे; त्याचे जनुक बिघडलेल्या वाणालाही तेच नाव पडले. डीएनएला इजा झाली, की जीवाणू ‘सुलए’ हे प्रथिन तयार करतो आणि ते दुरुस्ती होईपर्यंत विभाजन रोखून धरते. दुरुस्ती संपल्यावर हा अडसर काढावा लागतो. लॉन सुलएचे तुकडे करून तेच करते. लॉन नसेल तर दुरुस्ती होऊनही पेशी अडकून राहते. १९८३ मध्ये गॉट्समन यांच्या प्रयोगशाळेने हे दाखवले. बुळबुळीतपणाचे कारण मात्र दुसऱ्याच एका प्रथिनात सापडले. ‘आरसीएसए’ हे प्रथिन शर्करेचे आवरण बनवणारी जनुके चालू करते, आणि तेही लॉनचेच भक्ष्य आहे. प्रथिन बनवणे जितके महत्त्वाचे तितकेच ते वेळेवर मोडणेही, ही गोष्ट आज साधी वाटते, पण तेव्हा बहुतेकांचे लक्ष जनुक चालू होण्याच्या क्षणावरच होते.

डीएनएवरून उतरवल्या जाणाऱ्या आरएनए या रेणूकडे गॉट्समन वळल्या त्या याच आवरणाच्या वाटेने. आरसीएसए जनुकालगतच्या डीएनएच्या तुकड्याच्या अनेक प्रती पेशीत घातल्या, तर आवरण वाढत होते. पण त्या तुकड्यात प्रथिनाचा मजकूरच नव्हता. त्यातून तयार होत होता शंभर अक्षरांच्याही आतला एक आरएनए, ‘डीएसआरए’. १९९५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्याचे एक काम असे: ताणाच्या काळात लागणाऱ्या ‘आरपीओएस’ या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिनाचा मजकूर वाहून नेणारा आरएनए, स्वतःवरच दुमडून रायबोसोम (मजकूर वाचून प्रथिन बनवणारे यंत्र) बसण्याची जागा झाकतो. थंडीत डीएसआरए त्या घडीच्या एका बाजूशी जोडी जमवतो, घडी उलगडते आणि वाचन सुरू होते.

असे रेणू इतकी वर्षे नजरेआड राहिले, याचे कारण त्यांच्या आकारात आहे. उत्परिवर्तने घडवून जनुके शोधताना लांब जनुकाला धक्का लागण्याची शक्यता जास्त, इवल्याला फार कमी; शिवाय एखादे अक्षर बदलले तरी त्याचे काम बहुधा चालूच राहते. २००१ मध्ये गॉट्समन आणि जिझेला स्टॉर्झ यांच्या गटांनी उलट्या बाजूने शोध घेतला. जनुकांच्या मधल्या ‘रिकाम्या’ पट्ट्या नात्याने जवळच्या जीवाणूंमध्ये जशाच्या तशा टिकल्या आहेत का (टिकणे हे उपयोगाचे लक्षण), हे त्यांनी पाहिले आणि ई. कोलायमध्ये १७ नवे छोटे आरएनए हाती लागले.

त्यांपैकी ‘आरवायएचबी’ हा मला सर्वांत देखणा वाटतो. ‘फर’ हे प्रथिन लोहाशी बांधले गेले, की जनुके बंद करते. तरीही लोह भरपूर असताना काही लोहयुक्त प्रथिनांची जनुके फरमुळे जास्त चालताना दिसत. बंद करणारा चालू कसा करतो? एरिक मासे आणि गॉट्समन यांनी २००२ मध्ये याचे उत्तर दिले. फर जे बंद करतो तो आरवायएचबी, आणि आरवायएचबी त्या लोहयुक्त प्रथिनांचे संदेश नष्ट करवतो. लोहाची टंचाई आली, की फर बाजूला होतो, छोटा आरएनए तयार होतो, ‘एचएफक्यू’ या प्रथिनाच्या मदतीने तो संदेशांना चिकटतो आणि ज्यांच्यावाचून तूर्त भागते अशा प्रथिनांवर लोह खर्ची पडत नाही. मात्र संदेश कापला जाताना आरवायएचबीचा तो रेणूही सोबत नष्ट होतो, त्यामुळे लोह परत येऊन नवी निर्मिती थांबली, की उरलेला साठा लवकरच संपतो आणि अडवलेली जनुके पुन्हा कामाला लागतात.