उग्र वास म्हणजे जालीम औषध?

‘घरात औषधाचा आठ दिवस वास राहिला तरच उधई (वाळवी) मरते,’ असं यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत सर्रास ऐकू येतं. हे खरं नाही. बराचसा दर्प औषध ज्यात मिसळलेलं असतं त्या द्रावकाचा असतो. इमिडाक्लोप्रिड या उधईच्या औषधाला वास जवळपास नसतोच. उधईला ते ओळखू येत नाही. ती त्यातून बिनधास्त फिरते आणि अंगाला लागलेलं विष वारुळातल्या इतरांना लावते. म्हणून दुसऱ्याच दिवशी मेलेल्या उधईचा सडा दिसत नाही.

बांधलेल्या घरात भिंत-फरशीच्या सांध्याला साधारण ३० सेंटीमीटरवर १२ मिलिमीटरची छिद्रं पाडून औषध ओततात, मग ती बुजवतात. भारतीय मानक ६३१३ तेच सांगतं. नुसता फवारा मारून निघालेल्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

कपाशीचं उरलेलं औषध घरात मारणं तर नकोच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले, तेही उघड्या वावरात. उधईचं औषध मारायला आलेल्याला डबा समोर फोडायला लावा. लेबलवरचा त्रिकोण पहा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि पावतीवर औषधाचं नाव, प्रमाण लिहून घ्या.