हॉट रॉड प्रतिकृतिसंच : रूपांतर व सूक्ष्मकाम

जुन्या अमेरिकी मोटारींत फेरफार करून बनवलेल्या वेगवान गाड्यांना हॉट रॉड म्हणतात. अशा गाड्यांच्या, प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून जोडायच्या लहान प्रतिकृतींचे संच साधारणतः १९५० ते १९७५ या काळात मोठ्या प्रमाणावर निघाले. त्या संचांवर जोडणीपत्रकापलीकडे जाऊन दोन प्रकारचे काम करतात. छप्पर, इंजिन, चाके, रंग बदलून गाडीचे रूपच पालटणे हे रूपांतर. खऱ्या गाडीत असतात पण संचात दिलेल्या नसतात अशा वायरी, नळ्या, बिजागऱ्या, चकाकत्या पट्ट्या घालणे हे सूक्ष्मकाम. हौशी मंडळी यांना अनुक्रमे ‘कस्टम’ आणि ‘डिटेलिंग’ म्हणतात. दोन्ही शब्द एकत्रच उच्चारले जात असले तरी शिस्त वेगळी आहे. पहिल्यात करणाऱ्याची कल्पना चालते, दुसऱ्यात खऱ्या गाडीचा पुरावा. साधी जोडणी वाचकाला ठाऊक आहे असे येथे धरले आहे.

व्युत्पत्ती : ‘हॉट रॉड’ हा शब्द १९४५च्या सुमारास छापील मजकुरात दिसू लागतो, बोलण्यात तो त्याआधी काही वर्षे रुळलेला असावा. त्याच्या उगमाबद्दल एकमत नाही. एका मतानुसार तो ‘हॉट रोडस्टर’ या शब्दाचा संक्षेप आहे. रोडस्टर म्हणजे पक्के छप्पर नसलेली दोन आसनी गाडी. दुसऱ्या मतानुसार ‘रॉड’ म्हणजे इंजिनातला कनेक्टिंग रॉड, पिस्टनला जोडलेला दांडा. तिसरे मत कॅमशाफ्टकडे, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याकडे, बोट दाखवते, कारण वेग वाढवण्यासाठी तो दांडा घासून किंवा बदलून घेण्याची रीत होती. यांपैकी रोडस्टरचे मत अधिक ग्राह्य वाटते. दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर तरुण मंडळी गाड्या पळवून वेळ मोजत, आणि त्यात हलक्या, उघड्या रोडस्टरांचाच भरणा असे. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. शिवाय अशा गाड्यांची जी जुनी नावे सापडतात, उदा. ‘गाउ जॉब’, ‘हॉट आयर्न’, ती सगळी अख्ख्या गाडीची आहेत, एखाद्या सुट्या भागाची नाहीत. बंदिस्त कूपे गाड्यांनाही पुढे हॉट रॉड म्हटले गेले हा आक्षेप खरा आहे. पण तोवर शब्द सैल झाला होता. जानेवारी १९४८मध्ये याच नावाचे मासिक निघाले आणि नाव कायमचे ठरले. प्रतिकृती करणाऱ्याला हा वाद अगदीच परका नाही : युद्धपूर्व काळातली गाडी दाखवायची असेल तर उघडी बॉडी निवडणे अधिक सुरक्षित.

या प्रकारातली सर्वांत लाडकी गाडी म्हणजे १९३२ची फोर्ड. वर्षातल्या दोनाच्या आकड्यावरून तिला ‘ड्यूस’ म्हणतात. सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत फोर्डने त्या वर्षी प्रथमच आठ सिलिंडरचे व्ही-आकाराचे इंजिन बसवले. ते २२१ घन इंचांचे, ६५ अश्वशक्तीचे होते, आणि झडपा सिलिंडरच्या बाजूला असल्यामुळे त्याचे डोके सपाट होते. म्हणूनच ते ‘फ्लॅटहेड’.

संचांचा इतिहास : एएमटी या कंपनीच्या नावातच ‘अ‍ॅल्युमिनियम मॉडेल टॉइज’ दडलेले आहे. १९४८मध्ये ती सुरू झाली ती मोटारविक्रेत्यांसाठी तयार, रंगवलेल्या छोट्या गाड्या करण्यासाठी. धातू जाऊन प्लॅस्टिक आले, आणि १९५८च्या हंगामापासून तेच साचे वापरून सुट्या भागांचे संच निघू लागले. त्यांवर ‘थ्री इन वन’ असे लिहिलेले असे : एकाच खोक्यातून मूळ, सजवलेली किंवा शर्यतीची अशी तिन्हींपैकी हवी ती गाडी बांधता येई. १९३२च्या फोर्डचा त्यांचा संच १९५९च्या सुमाराचा. शिकागोच्या मोनोग्रामने आणि कॅलिफोर्नियाच्या रेव्हेलने याच काळात आपापले संच आणले. रेव्हेलने एड रॉथ या गाडीकाराच्या अचाट गाड्यांच्या प्रतिकृती काढल्या, तर मोनोग्रामने १:८ एवढ्या मोठ्या प्रमाणातली ‘बिग ड्यूस’. ‘थ्री इन वन’ची गोष्ट महत्त्वाची अशासाठी, की त्यामुळे ‘मूळ संच जसाच्या तसा बांधावा’ या आग्रहातली हवाच निघून जाते. बदल करण्याची मुभा कारखान्यानेच खोक्यात घालून दिली होती.

प्रमाणाचा प्रश्न मात्र किचकट आहे. एएमटीच्या गाड्या १:२५, मोनोग्रामच्या बहुधा १:२४. १:२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच, हे इंच-फुटांच्या हिशेबात सरळ बसते. १:२५चा उगम मोटार कारखान्यांतल्या दशमान आरेखनांशी जोडला जातो, आणि विक्रेत्यांच्या नमुन्यांपासून आलेल्या कंपनीच्या बाबतीत ते सयुक्तिक वाटते. फरक किरकोळ भासतो, पण हाताला लागतो. १९३२च्या फोर्डची पुढच्या-मागच्या चाकांमधली लांबी १०६ इंच, म्हणजे २,६९२ मिमी. १:२५मध्ये ती १०७.७ मिमी होते आणि १:२४मध्ये ११२.२ मिमी. साडेचार मिलिमीटरांची ही तफावत चौकट एका संचाची आणि बॉडी दुसऱ्याची घेतली की मडगार्डच्या कमानीत लगेच उघडी पडते. इंजिन, आसने, दिवे यांची अदलाबदल मात्र खपून जाते.

कालनिर्णय : जुना संच हाती आला की आधी तो किती जुना हे ठरवावे. गाडीच्या पोटाखाली कोरलेले वर्ष साच्याचे असते, त्या नगाचे नव्हे. एकच साचा पुढे पंचवीस-तीस वर्षे वापरला गेल्याची उदाहरणे आहेत. खोके अधिक बोलके असते. पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकी पिनकोड) असेल तर संच जुलै १९६३नंतरचा, कारण अमेरिकेत ही पद्धत तेव्हा सुरू झाली. बारकोड असेल तर १९७४च्या अलीकडचा. एएमटीच्या खोक्यावर ती विकत घेणाऱ्या लेस्नी कंपनीचे नाव असेल तर तो १९७८ किंवा त्यानंतरचा, पुढच्या मालक अर्टल कंपनीचे असेल तर त्याहूनही अलीकडचा. झिप कोड नाही म्हणून संच १९६३पूर्वीचाच, असे मात्र म्हणता येत नाही. जुनी खोकी आणि जुने छापपट पुढेही वापरले जात. न उघडलेला जुना संच कापाकापीला घेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कोणीतरी लहानपणी गोंदाने माखून जोडलेली, तुटकी गाडी रूपांतराला उत्तम. तिचे नुकसान आधीच होऊन गेलेले असते.

जुन्या प्लॅस्टिकचे विकार : पॉलिस्टायरीन स्वतः टिकाऊ आहे, त्रास होतो तो शेजाऱ्यांचा. टायर मऊ राहावेत म्हणून त्यांच्या व्हिनाइलमध्ये तेलकट द्रव्य मिसळतात. वर्षानुवर्षे खोक्यात एकत्र पडून राहिल्यास ते द्रव्य झिरपून चाके, खिडक्यांच्या काचा, अगदी बॉडीसुद्धा खाते. हा प्रकार एकदा जवळून पाहिला की विसरत नाही. नागपुरात महाल भागातल्या एका जुन्या घराच्या माळ्यावरून काढलेल्या खोक्यात टायर विंडशील्डवर पडून राहिला होता. उचलला तर काचेत त्याची नक्षी शिक्का मारावा तशी उतरलेली, प्रत्येक खाच स्पष्ट, आणि कडेचे प्लॅस्टिक मधासारखे चिकट. उष्णतेने हे झिरपणे वाढते, त्यामुळे पत्र्याखालचा माळा ही संच ठेवण्याची सर्वांत वाईट जागा. टायर वेगळ्या पिशवीत ठेवावेत. चाकावर चढवताना मध्ये रंगाचा किंवा पातळ फॉइलचा थर द्यावा.

पिवळ्या पडलेल्या पाणचिकट चित्रांना, म्हणजे डिकॅल्सना, ऊन हेच औषध. पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवली की उन्हाने पिवळेपणा उतरतो. वैशाखातल्या नागपुरी उन्हात रोज पाहणी करावी, नाहीतर लाल रंगही उडू लागतो. पाण्यात सोडण्यापूर्वी त्यांवर पारदर्शक लॅकरचा एक हात द्यावा. जुना थर पाणी लागताच ठिकऱ्या होऊन सुटतो. डाग पडलेला क्रोम हा निर्वातात चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो. घरगुती ब्लीचमध्ये तो विरघळतो. या ब्लीचमध्ये संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. जुना रंग काढायला बरेच जण ब्रेक ऑइलमध्ये भाग बुडवून ठेवतात.

रूपांतर : छप्पर बुटके करणे, म्हणजे ‘चॉप’, हे सर्वांत ओळखीचे रूपांतर. खऱ्या गाडीवर खांबांतून तीन इंच कापले तर १:२५मध्ये ते ३.०५ मिमी होतात. दोन समांतर रेषा पातळ टेपने आखून मधला पट्टा काढायचा. इतवारीतल्या सराफा ओळीला लागणारी सोनारी करवत या कामाला फार चांगली. बारीक कानशी, चिमटे, हातात फिरवायचा ड्रिलही सोनारकामाचेच घ्यावेत. करवतीचे पातेसुद्धा दोनदा मिळून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास प्लॅस्टिक खाते, ते हिशेबात धरून रेषेच्या आतून कापावे. १९३२च्या कूपेचे खांब बरेचसे उभे असल्याने छप्पर खाली आले तरी वरचे-खालचे तुकडे जवळपास जुळतात. १९४९च्या मर्क्युरीसारख्या गाडीत खांब तिरके असतात, तेथे छप्पर चिरून लांबवावे लागते. सांध्यात द्राव गोंद सोडला की दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. एक-दोन दिवस हात लावू नये. उरलेल्या फटीत डेंटिंग-पेंटिंगवाले वापरतात ती एनसी पुट्टी चालते, पण पातळ थरांतच. जाड थरातले थिनर प्लॅस्टिक मऊ करते आणि महिन्याभराने तेथे खड्डा दिसतो. घासायला ४०० ते १००० नंबरचा वॉटर पेपर. नव्या काचा ओएचपीच्या पारदर्शक शीटमधून कापाव्यात.

सूक्ष्मकाम : याचा जीव इंजिनात असतो. प्लगच्या वायरींची जाडी खऱ्या गाडीत सात-आठ मिमी, म्हणजे १:२५मध्ये साधारण ०.३ मिमी. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली ३० गेजची इनॅमल तार ०.३१५ मिमी भरते. बाजारातल्या कुठल्याही ‘मॉडेल’ वायरीपेक्षा ती सरस. तार कुठून कुठे न्यायची हे इंजिन ठरवते. १९३२च्या फ्लॅटहेडमध्ये डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्लगांना क्रमाने वीज वाटणारा भाग, पुढच्या तोंडाशी असतो. वायरी डाव्या-उजव्या अशा दोन जुडग्यांत धातूच्या नळीतून मागे जातात आणि सपाट डोक्यावर उभ्या असलेल्या प्लगांवर उतरतात. सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम १-५-४-८-३-६-२-७. शेव्हरोलेच्या १९५५पासूनच्या छोट्या व्ही-८मध्ये डिस्ट्रिब्यूटर पाठीमागे असतो, प्लग बाहेरच्या अंगाला, आणि क्रम १-८-४-३-६-५-७-२. दोन्हींची गल्लत झालेली प्रतिकृती कितीही सुबक असली तरी जाणत्याच्या डोळ्याला खुपते. तशीच चूक धुराड्याच्या नळ्यांची होते. फ्लॅटहेडच्या प्रत्येक बाजूला सिलिंडर चार असले तरी मधल्या दोघांचे तोंड एकच, म्हणून नळ्या तीन. चार नळ्या लावलेल्या गाड्या वारंवार दिसतात.

आतला गालिचा, मीटर, आसनांच्या शिवणी यांबद्दल वेगळे सांगण्यासारखे थोडेच आहे. बारीक ब्रश आणि धीर पुरतो.

रंग : खोल, पारदर्शक ‘कँडी’ रंगासाठी खाली सोनेरी किंवा चंदेरी थर देऊन वर रंगीत पारदर्शक लॅकरचे अनेक पातळ हात देतात. नागपुरात अडचण रंगाची नसते, हवेची असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो. फवारलेला थेंब गाडीवर पोचण्याआधीच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. थिनर सावकाश उडणारे घ्यावे आणि काम पहाटे, ऊन चढण्याआधी उरकावे. उकाड्याला कंटाळून कूलर सुरू केला तर उलटे घडते : खोलीतली आर्द्रता वाढते, ओल्या लॅकरवर बाष्प बसते आणि चकाकी जाऊन दुधाळ झाक येते. पावसाळ्यात हाच त्रास कूलरविनाही होतो. फवारणीपूर्वी तासभर कूलर बंद ठेवून दार उघडे टाकावे. दिवाळीनंतरचे तीन महिने शहरात या कामाला सर्वांत अनुकूल.

तयार आकार घेऊन तो आपल्या हाताने सजवण्याची हौस या भागाला नवी नाही. तान्ह्या पोळ्याला चाकांचे लाकडी बैल घरोघर रंगवले, नटवले जातात. हॉट रॉडशी त्याचा ऐतिहासिक संबंध नाही, पण बैलाच्या शिंगावर बेगड चढवणाऱ्या हाताला खिडकीच्या कडेवर चकाकती पट्टी म्हणून फॉइल घोटणे परके वाटत नाही. फॉइल घोटताना नख न वापरता मऊ लाकडी काडी वापरावी, आणि कडा नव्या सर्जिकल ब्लेडनेच, एकाच ओढीत कापावी.