एका दिवसाचा परवाना आणि रीकास्टचं भांडण

रेझिनचे पुतळे आणि बाहुल्या जमवणाऱ्यांत ‘रीकास्ट’ हा शब्द निघाला की वातावरण तापतं. दुसऱ्याने घडवलेला नग विकत घ्यायचा, त्यावरून साचा काढायचा आणि तसेच नग ओतून स्वस्तात विकायचे, याला रीकास्ट म्हणतात. अनेक संग्राहक गटांत असा नग विकायला ठेवणाऱ्याला सरळ बाहेरचा रस्ता दाखवतात. गंमत अशी की ज्या पुतळ्याची नक्कल झाली म्हणून हा संताप, तो पुतळाच बऱ्याचदा दुसऱ्या कुणाच्या तरी पात्राचा असतो. हा गुंता कुठून आला ते बघायचं तर 1980 च्या दशकातल्या ओसाकात जावं लागतं.

तेव्हा जपानी मॉडेल कंपन्या पोलादी साच्यांत प्लास्टिकचे किट, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांचे संच, काढत. साचा इतका महाग की हजारोंनी खप असेल तरच परवडायचं. त्यामुळे रणगाडे, विमानं, रोबो भरपूर मिळत, पण चित्रपटातला एखादा राक्षस किंवा मालिकेतलं दुय्यम पात्र हवं असेल तर ते कुणी काढतच नसे. मग हौशी मंडळींनी स्वतःच मूळ नमुना घडवायला सुरुवात केली. त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा करायचा आणि साच्यात दोन घटकांचं पॉलियुरेथेन रेझिन मिसळून ओतायचं. सिलिकॉन कपड्याची बारीक चुणीसुद्धा उचलतं, पण काही डझन नग निघाले की साचा फाटू लागतो. धंदा वाढवायचा म्हटलं तरी वाढत नाही. या घरगुती किटना गॅरेज किट हे नाव पडलं.

ओसाकाजवळच्या मोरिगुचीत 1964 मध्ये टपरीएवढ्या जागेत सुरू झालेलं काइयोदो हे मॉडेलचं दुकान या हौसेचा एक अड्डा होतं. दुसरा अड्डा होता जनरल प्रॉडक्ट्स. 1981 मध्ये ओसाकात भरलेल्या विज्ञानकथा संमेलनात आयोजकांनी विकायला ठेवलेल्या वस्तू हातोहात गेल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी हे दुकान थाटलं. यातलेच लोक पुढे गायनॅक्स या ॲनिमेशन कंपनीच्या स्थापनेत होते. धुतल्या तांदळासारखे मात्र ते नव्हते. 1983 च्या संमेलनासाठी याच मंडळींनी केलेल्या छोट्या ॲनिमेशनपटात दुसऱ्यांची पात्रं आणि एका ब्रिटिश बँडचं गाणं, दोन्ही बिनपरवानगी वापरलेलं होतं.

तरीही परवानगीची वाट याच लोकांनी काढली. 1984 च्या अखेरीस छोटी चाचणी घेऊन 1985 पासून त्यांनी टोकियोत वंडर फेस्टिवल भरवायला सुरुवात केली. हौशी शिल्पकारांनी आपापलं टेबल मांडून किट विकायचे, असं त्याचं स्वरूप. पण लपूनछपून दहा नग विकणं वेगळं आणि शेकडो लोकांनी एका छताखाली उघड दुकान मांडणं वेगळं. जपानमध्ये कॉपीराइटभंगाचा गुन्हा प्रामुख्याने हक्कधारकाच्या तक्रारीवरच चालत असे (2018 च्या अखेरीस यात थोडा बदल झाला), त्यामुळे कंपन्या किरकोळ गोष्टींकडे कानाडोळा करू शकत. एवढ्या मोठ्या बाजाराकडे तो करता आला नसता.

तोडगा निघाला तो ‘तोजित्सु हानकेन’ म्हणजे त्या दिवसापुरत्या हक्काचा. शिल्पकाराने काही महिने आधी अर्ज करायचा: पात्र कोणतं, नग किती, किंमत किती. आयोजक ते अर्ज एकत्र करून हक्कधारकांकडे पाठवतात. नमुन्याचे फोटो तपासले जातात, काही हक्कधारक दुरुस्त्या सुचवतात, काही सरळ नकार देतात. मंजुरी मिळाली तर ठरलेली रॉयल्टी भरायची आणि त्या दिवशी, त्याच सभागृहात, तेवढेच नग विकायचे. उरलेले घरी न्यायचे. पुढच्या वेळी पुन्हा विकायचे तर पुन्हा अर्ज. एरवी नोकरी करून रात्री पुतळे घडवणाऱ्या माणसाला मोठ्या स्टुडिओच्या दारात कोण उभं करणार? आयोजकांनी मध्ये उभं राहून ते जमवलं, आणि या सगळ्या कहाणीतलं खरं कर्तृत्व मला हेच वाटतं. 1992 मध्ये आयोजन काइयोदोकडे गेलं. 2009 पासून हा मेळा टोकियोजवळच्या चिबातल्या माकुहारी मेस्से या प्रदर्शन केंद्रात वर्षातून दोनदा भरतो.

या सोयीची एक बाजू मात्र उघडी राहिली. पात्राच्या मालकाचा मान राखला गेला. ज्याने महिनोन्महिने चेहरा घडवला, त्या शिल्पकाराला तिने काय दिलं? नग मोजके, विक्री एका दिवसाची, तीही जपानात. बाहेरच्या संग्राहकाला तो किट सरळ मार्गाने मिळणं जवळपास अशक्य. ही भूक हाँगकाँग, थायलंड, चीनमधल्या रीकास्टवाल्यांनी ओळखली. मूळ शिल्पकाराने न्यायालयात जावं तर त्याच्या हातात दिवस संपला की संपणारा परवाना, आणि समोर परदेशातला विक्रेता.

मग राखण केली ती संग्राहकांनी. रीकास्ट कसा ओळखायचा हे ज्ञान त्यांच्यात हातोहात फिरलं. ओतताना रेझिन किंचित आकसतं, म्हणून नकलेचे भाग मूळ भागांहून जरासे लहान भरतात. पापण्या-बोटांसारख्या जागा बोथट होतात, बुडबुडे राहतात, साच्याची शिवण जाड दिसते. क्योतोच्या फोल्क्स कंपनीने 1999 मध्ये सुपर डॉल्फी ही सांध्यांची रेझिन बाहुली आणली आणि नंतर कोरियन कंपन्याही त्यात उतरल्या, तेव्हा हेच भांडण बाहुल्यांच्या जगात जास्त कडवटपणे पेटलं. तिथे जुनी बाहुली विकताना कंपनीचं प्रमाणपत्र सोबत आहे का, हा पहिला प्रश्न असतो. ‘मूळ बाहुली परवडत नाही’ हे रीकास्ट घेणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही, पण ते बाहुलीच्या किमतीबद्दल आहे. साचा चोरायच्या हक्काबद्दल नाही.

आता थ्रीडी प्रिंटरमुळे साचाच लागत नाही. अनेक डिजिटल शिल्पकार दरमहा पैसे घेऊन आपल्या फाइलचे प्रिंट विकायची मुभा देतात. त्यातले बरेच पुतळे अमेरिकन कॉमिक्समधल्या सुपरहिरोंचे असतात आणि त्या पात्रांच्या मालकांना कुणी विचारलेलं नसतं. म्हणजे जपानच्या अगदी उलट: इथे शिल्पकाराला पैसे मिळतात, पात्राच्या मालकाला नाही.

पुण्या-मुंबईत असे प्रिंट काढून विकणाऱ्यांना आणखी एक गोष्ट लागू होते. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या (1957) कलम 15(2) नुसार, डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी कृती नोंदवली नसेल आणि तिचे 50 पेक्षा जास्त नग मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने काढले गेले, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. एखादी कृती कलाकृती की डिझाइन, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं खटले चालले आहेत. त्यामुळे पूर्णपणे स्वतःच्या कल्पनेतला पुतळा घडवून विकणाऱ्यानेही एक्कावन्नावा नग काढण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं.