जॅक्सन हाइट्समध्ये खिडकी बदलायचीय? आधी लँडमार्कची परवानगी

न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्सला आपली माणसं जातात ती ७४व्या रस्त्यावर, कढीपत्ता आणि हापूसचा पल्प आणायला. तिथून जरा पूर्वेला सरकलं की मधोमध बाग राखलेल्या विटांच्या जुन्या इमारती लागतात. हा भाग १९९३ पासून शहराचा हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट, म्हणजे जपायचा म्हणून ठरवलेला जुना भाग आहे. इथे फ्लॅट घेतलात तर आतल्या भिंती हव्या त्या रंगात रंगवा, पण खिडकी बदलायला परवाना लागतो.

तो देतं शहराचं लँडमार्क्स प्रिझर्व्हेशन कमिशन. १९६३ मध्ये जुनं पेन स्टेशन पाडायला घेतलं, त्यावरून ओरड झाली आणि १९६५ मध्ये जुन्या इमारती जपण्याचा हा कायदा आला. 'नॅशनल रजिस्टर' ही ऐतिहासिक वास्तूंची वेगळी, केंद्राची यादी. नुसतं त्यात नाव असलं म्हणून पदरच्या पैशाने काम करणाऱ्या खाजगी मालकाला कोणी अडवत नाही. अडवते ती शहराची यादी.

फुटलेली काच बसवणं किंवा आहे त्याच रंगाचा हात देणं याला काहीच लागत नाही. खिडकी, दार, विटांची दुरुस्ती, म्हणजे बिल्डिंग डिपार्टमेंटचं परमिट न लागणारं बाहेरचं काम असेल तर 'परमिट फॉर मायनर वर्क'. आतलं प्लंबिंग हलवताय, डिपार्टमेंटचं परमिट लागतंय, पण बाहेरून फरक दिसणार नाही? मग 'सर्टिफिकेट ऑफ नो इफेक्ट'. कागद पूर्ण झाल्यापासून पहिल्याला कामाचे २० दिवस, दुसऱ्याला ३० अशी मुदत आहे. मजला चढवणं किंवा पाडकाम असेल तर 'सर्टिफिकेट ऑफ अप्रोप्रिएटनेस'. त्यासाठी आधी कम्युनिटी बोर्डापुढे, म्हणजे त्या भागातल्या स्थानिक मंडळापुढे जायचं (त्यांचं मत फक्त सल्ल्यापुरतं), मग कमिशनची जाहीर सुनावणी. मुदत कामाचे ९० दिवस.

अर्ज 'पोर्टिको' या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. भाडेकरूही भरू शकतो, पण सही मालकाची हवी. को-ऑपमध्ये तुमच्या नावावर शेअर्स असतात, इमारत कॉर्पोरेशनची. म्हणून सहीसाठी को-ऑपचं बोर्ड गाठावं लागतं. मुंबईत सोसायटीच्या सेक्रेटरीमागे फिरलेल्यांना हे नवीन नाही.

खिडकीसाठी इमारतीच्या पूर्ण दर्शनी बाजूचे आणि खिडकीचे जवळून काढलेले रंगीत फोटो लागतात. शिवाय जुन्या आणि नव्या खिडकीची मापांसह ड्रॉइंग्ज आणि रंगाचा नमुना. ओळखीतल्या एका जोडप्याने सगळे फोटो हॉलमधून, पडदे बाजूला सारून काढले होते. अर्ज लटकला, कारण कमिशनला हवी असते रस्त्यावरून दिसणारी खिडकी: काचेचे तुकडे किती, ती वर सरकते की बाहेर उघडते, चौकटीची जाडी केवढी. मागच्या, रस्त्यावरून न दिसणाऱ्या बाजूला नियम सैल आहेत.

एवढी ड्रॉइंग्ज काढून घेण्याआधी को-ऑपच्या बोर्डाला एकच विचारा, खिडक्यांचा 'मास्टर प्लॅन', म्हणजे अख्ख्या इमारतीसाठी ठरवलेला एकच नमुना, कमिशनकडून मंजूर आहे का? असेल तर त्यात ठरलेलीच खिडकी बसवायची आणि प्रत्येक फ्लॅटपुरतं 'ऑथरायझेशन टू प्रोसीड' घ्यायचं. पुष्कळ वेळ वाचतो.

घर घेण्याआधी इमारतीवर व्हायोलेशन, म्हणजे नियम मोडल्याची नोंद आहे का, हेही तपासा. आधीच्या मालकाने विनापरवाना काही केलं असलं तरी ते निस्तरायची जबाबदारी आजच्या मालकावर येते, आणि तोवर पुढचे परवाने सहसा अडतात. काम संपल्यावर फोटो जोडून 'नोटिस ऑफ कम्प्लायन्स', म्हणजे काम परवान्याप्रमाणे झाल्याचा दाखला मागून घ्या. हा कागद विक्रीच्या वेळी वकील हमखास मागतो.