पेनी स्टॉकसाठी ब्रोकर निवडताना: ‘डिलिव्हरी फ्री’ आणि ‘फ्लॅट वीस रुपये’

डिस्काउंट ब्रोकर, म्हणजे कमी दलालीत शेअर्स घेऊ-विकू देणारा, म्हटलं की सगळे एकाच माळेचे मणी वाटतात. ॲप चकाचक, खातं बसल्या जागी उघडतं आणि जाहिरातीत कुठेतरी २० हा आकडा असतोच. दरपत्रक नीट वाचलं की मात्र दोन जाती दिसतात. एक डिलिव्हरीवर (शेअर्स घेऊन डीमॅटमध्ये ठेवण्यावर) ब्रोकरेज, म्हणजे दलालीच घेत नाही, वीस रुपये लागतात ते इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) आणि एफ अँड ओला (फ्युचर्स आणि ऑप्शन्स). झिरोधाचं नाव याच पद्धतीमुळे घरोघरी पोचलं. दुसरा डिलिव्हरीच्या प्रत्येक ऑर्डरलाही वीस रुपये लावतो. लाखाची ऑर्डर टाकणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. पेनी स्टॉक, म्हणजे दोन-पाच रुपयांचे शेअर्स, तीन-चार हजारांत घेणाऱ्याचं सगळं गणित मात्र इथेच फिरतं.

आकडेच मांडू. ३ रुपयांचे १,००० शेअर्स घेतले आणि पुढे ३.१५ला विकले. दिसायला नफा १५० रुपये. एसटीटी (शेअर्सच्या व्यवहारावरचा सरकारी कर) दोन्ही बाजूंना ०.१ टक्का, म्हणजे सहाएक रुपये; स्टँप ड्युटी आणि एक्स्चेंजचे चार्जेस मिळून रुपयाच्या आत. विकताना डीपी चार्जेस (डीमॅटमधून शेअर्स बाहेर काढण्याची फी) जीएसटीसकट साधारण १५ रुपये धरा. ‘डिलिव्हरी फ्री’वाल्याकडे एकूण खर्च झाला २२ रुपये. ‘फ्लॅट वीस’वाल्याकडे दोन ऑर्डरचे ४० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वाढला, म्हणजे ६९.

इथपर्यंत ठीक. पण पेनी स्टॉक एका दमात विकला जातो कुठे? समोर खरेदीदार नसतो. आज ३०० गेले, उद्या ४००, उरलेले परवा. उरलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी टाकलेली ऑर्डर ही नवी ऑर्डर, तिचं ब्रोकरेज वेगळं. डीपी चार्जेसही दर कंपनीला, विकलेल्या दर दिवशी एकदा लागतात, मग तुम्ही १० शेअर्स विका की १० हजार. तोच माल, तोच भाव, पण तीन दिवसांत विकला तर पहिल्या ब्रोकरकडे खर्च ५२ रुपयांवर जातो आणि दुसऱ्याकडे १४६ रुपयांवर. दीडशेच्या नफ्यातले चार रुपये हातात, आणि त्यावर शॉर्ट टर्मचा (अल्प मुदतीच्या नफ्यावरचा) टॅक्स अजून बाकीच आहे.

या दोघांच्या मधला एक प्रकारही आहे: ‘वीस रुपये किंवा अमुक टक्के, जे कमी असेल ते’. हा लहान ऑर्डरला परवडतो, पण खाली किमान रक्कम लिहिली आहे का ते बघा. हे वाक्य हमखास बारीक अक्षरांत असतं.

मग जुना, टक्केवारीवाला ब्रोकर बरा का? अर्धा टक्का म्हणजे ३,००० वर १५ रुपये, वीसपेक्षा कमीच! पण तिथे ‘प्रति शेअर किमान इतके पैसे’ अशी अट असू शकते. नियमाने ब्रोकरेजची कमाल मर्यादा अडीच टक्के आहे, मात्र १० रुपयांपर्यंतच्या शेअरला ती प्रति शेअर २५ पैसे अशी मोजली जाते. ३ रुपयांच्या शेअरवर २५ पैसे म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त. इतकं कोणी लावेलच असं नाही, पण लावलं तर बेकायदा म्हणता येणार नाही.

काही खर्चांसाठी ब्रोकरला शिव्या देण्यात अर्थ नाही. बरेच पेनी स्टॉक फक्त बीएसईवर असतात, आणि तिथे एक्स, एक्सटी, झेड अशा ग्रुपच्या शेअर्सना एक्स्चेंजच कोटीमागे १०,००० रुपये, म्हणजे ०.१ टक्का घेतं. ए आणि बी ग्रुपला तोच दर कोटीमागे ३७५ रुपये आहे. ऑक्टोबर २०२४पासून एक्स्चेंजचे चार्जेस सगळ्या ब्रोकर्सना एकसारखे आहेत, त्यामुळे ब्रोकर बदलून इथे काही वाचत नाही.

जाहिरातीतलं ‘पाचपट मार्जिन’ (जवळच्या पैशांच्या पाचपट सौदे करायची उधारी) आणि इंट्राडेचा दर तर सरळ सोडून द्या. असे कितीतरी शेअर्स ट्रेड टू ट्रेडमध्ये असतात (एनएसईवर बीई सिरीज, बीएसईवर टी किंवा एक्सटी ग्रुप). तिथे इंट्राडे नाही, मार्जिन नाही, आज घेऊन उद्या विकणंही नाही; आधी डिलिव्हरी डीमॅटमध्ये यायला हवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एएसएम, जीएसएम, ईएसएम या एक्स्चेंजच्या खास देखरेखीच्या याद्यांमधला शेअर ब्रोकर घेऊ देतो का, आणि ऑर्डर टाकण्याआधी तसा इशारा स्क्रीनवर दाखवतो का. जीएसएमच्या वरच्या टप्प्यात सौदे आठवड्यातून एकदाच होतात. हे घेतल्यानंतर कळून उपयोग नाही. माझ्या मते इशारा ठळक दाखवणारं आणि नको तिथे ऑर्डर अडवणारं ॲप चांगलं, मग टेलिग्रामवरच्या टिप्सवाल्यांनी त्याला कितीही नावं ठेवोत.

खातं उघडण्याआधी दरपत्रकात दोनच ओळी शोधा: ‘इक्विटी डिलिव्हरी’ आणि ‘डीपी चार्जेस’. दुसऱ्या ओळीत सीडीएसएलची (डीमॅटमधले शेअर्स सांभाळणाऱ्या संस्थेची) मूळ फी साडेतीन रुपये आहे, वरची भर ब्रोकरची आणि जीएसटीची. खातं आधीच असेल तर डीपी चार्जेस काँट्रॅक्ट नोटमध्ये (दिवसाच्या सौद्यांच्या बिलात) शोधत बसू नका, ते तिथे नसतात. लेजर, म्हणजे ब्रोकरकडचा तुमचा जमाखर्च, उघडा आणि विक्रीच्या तारखेची नोंद बघा.